वाळलेल्या फुलांचे दप्तर

वाळवंटात जाऊन फुले पाहावीत, असा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता. 2022 च्या जून महिन्यात आम्ही अमेरिकेतील उत्तर ॲरिझोनाच्या एका लहानशा धर्मग्रामात दोन महिन्यांसाठी गेलो, ते तेथील धर्मगुरू विश्रांतीसाठी बाहेरगावी जाणार होते म्हणून. रोजची मिस्सा, शनिवारचा प्रायश्चित्तसंस्कार आणि आजाऱ्यांच्या भेटी एवढेच काम होते. उरलेला वेळ आमचा. त्या मोकळ्या वेळात वाळलेल्या झाडांच्या एका दप्तराशी आमची गाठ पडली, आणि जी गोष्ट आम्ही मायदेशी मागे ठेवून आलो होतो, ती तेथे पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

तो मुलूख कोलोरॅडो नदीचा. नदीने आणि तिच्या उपनद्यांनी लक्षावधी वर्षे खडक कापून तेथे घळींचे जाळे विणले आहे. त्यांतली सर्वांत थोर ती ग्रँड कॅनियन : लांबी सुमारे 446 किलोमीटर, खोली ठिकठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक. कोकणात मुसळधार पावसाच्या एका रात्रीत जेवढे पाणी पडते, तेवढे त्या मुलखाच्या काही भागांत वर्षभरात पडते. पहिल्या आठवड्यात आम्हांस तेथे दगड, आकाश आणि ऊन यांखेरीज काही दिसले नाही.

मिस्सेनंतर प्रांगणात थोडा वेळ थांबणाऱ्यांत एक वृद्ध बाई होत्या. शाळेत शास्त्र विषय शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोन दिवस फ्लॅगस्टाफ शहरातील एका हर्बेरियममध्ये विनावेतन काम करणाऱ्या. हर्बेरियम म्हणजे शुष्क वनस्पतींचा संग्रह. एकदा त्या म्हणाल्या, “फादर, इथं काही उगवत नाही असं तुम्हांला वाटतं ना? चला, चार पावलं चालू या.”

रस्त्याच्या कडेला, खडीतून वर आलेले, गुडघाभर उंचीचे एक विचित्र रोप त्यांनी दाखविले. पाने तळाशी, जमिनीला चिकटलेली, बहुतेक करपून गेलेली. मधून वर चढलेला देठ मात्र हिरवट, आणि वरच्या टोकाखाली फुग्यासारखा फुगलेला. दाबून पाहिला तर आत पोकळ. त्याच्या माथ्यावर केसासारख्या बारीक फांद्या आणि त्यांवर मोहरीच्या दाण्याएवढी पिवळी फुले. इंग्रजीत ह्याला ‘डेझर्ट ट्रम्पेट’, म्हणजे वाळवंटातली तुतारी म्हणतात. जॉन फ्रेमाँट याने आपल्या प्रवासात हे झाड गोळा केले आणि 1845 साली त्याचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध झाले : एरिओगोनम इन्फ्लेटम. सेमिनरीतले लॅटिन आमच्या कामी आले. इन्फ्लेटम म्हणजे फुगवलेले. देठात एखादी अळी शिरते आणि तिच्यामुळे तो फुगतो, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. पुढे अभ्यासकांना आढळले की अळी नसतानाही देठ फुगतो. कडक उन्हात पाने करपली की हा हिरवा देठच झाडाचे अन्न तयार करण्याचे काम चालू ठेवतो.

ह्या कुळाची आपल्याला अगदीच ओळख नाही असे नाही. आपल्या बाजारात जुडीने मिळणारा आंबट चुका आणि उत्तर हिंदुस्थानात उपवासाला चालणारे कुट्टूचे पीठ, ही दोन्ही ह्याच कुळातली. म्हणूनच तेथले लोक ह्या झाडांना ‘वाइल्ड बकव्हीट’ म्हणतात. आपण रानकुट्टू म्हणू. एरिओगोनम ह्या प्रजातीत सुमारे 250 जाती असून त्या साऱ्या उत्तर अमेरिकेतल्याच. हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो यांचे. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1803 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छापले गेले. ग्रीक भाषेतल्या लोकर आणि गुडघा ह्या दोन शब्दांचा तो जोड आहे. पेरावर लव असलेले झाड, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या गुरुवारी बाई आम्हांस हर्बेरियममध्ये घेऊन गेल्या. लांबच लांब खोली, थंड आणि कोरडी, भिंतीला लागून पत्र्याची उंच कपाटे. प्रत्येक कपाटात खण, खणात जाड कागदाच्या घड्या, घडीत एकेक पान. पानावर वाळवून, दाबून, गोंदाने किंवा दोऱ्याने बसविलेले एक झाड. गळलेल्या बियांसाठी कागदाचे छोटे पाकीट. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी : झाडाचे नाव, कोठे मिळाले, किती उंचीवर, कोणत्या मातीत, सोबत कोणती झाडे होती, फुलांचा रंग, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा स्वतःचा अनुक्रमांक. वाळताना रंग उडतो, म्हणून रंग लिहून ठेवायचा. नवे पान आत घेण्यापूर्वी काही दिवस शीतपेटीत गोठवायचे, म्हणजे किडे मरतात.

ही रीत सोळाव्या शतकात इटलीत रुजली; पिसा येथील लुका गिनी यांना तिचे जनक मानतात. आज जगात सुमारे 3,500 हर्बेरियमे आहेत आणि त्यांत 40 कोटींच्या आसपास नमुने आहेत. बाईंनी हे आकडे सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, “एवढ्या वाळल्या झाडांचा उपयोग काय?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या कार्यालयात जुन्या वह्या असतात ना? त्यांचा उपयोग काय?”

उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणे त्या क्षणी सुखाचे नव्हते.

त्यांनी एक घडी उघडली. पानावर एक बुटके, बुडाशी लाकूडसर रोप होते. लांबट पाने, सरळ वर गेलेले देठ आणि शेंड्यावर पिवळ्या फुलांचे तुरे. नाव : एरिओगोनम थॉम्प्सोनिए. लॅटिन शिकलेल्या माणसाची नजर आधी प्रत्ययावर जाते. हा प्रत्यय स्त्रीलिंगी षष्ठीचा. “थॉम्प्सन नावाच्या कुणा बाईचे हे झाड,” आम्ही म्हणालो. बाईंना फार आनंद झाला. पुष्कळ लोक ते एखाद्या साहेबाचे नाव समजतात, असे त्यांनी सांगितले.

एलन पॉवेल थॉम्प्सन ही ती स्त्री. तिचा भाऊ जॉन वेस्ली पॉवेल इतिहासात प्रसिद्ध आहे. यादवी युद्धात एक हात गमावलेल्या ह्या माणसाने 1869 साली लहान होड्यांतून कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅनियन पार केली. 1871 आणि 1872 साली त्याने दुसरी मोहीम काढली, तेव्हा एलनचा पती त्या मोहिमेत मोजणीचे काम करीत होता. युटा राज्याच्या दक्षिण सीमेवरील कानाब गावाजवळ त्यांचा तळ होता आणि एलन पतीबरोबर तंबूत राहिली. पुरुषमंडळी नकाशे काढीत होती, तेव्हा तिने 1872 साली त्या परिसरातली झाडे गोळा केली, दाबली, वाळविली. ते नमुने पूर्वेकडे गेले आणि पुढे हार्वर्डच्या ग्रे हर्बेरियमचे प्रमुख झालेले सेरेनो वॉटसन यांनी 1873 साली त्यांतल्या ह्या झाडाला तिचे नाव दिले. मोहिमेच्या आठवणी लिहिणारे तिला मिसेस थॉम्प्सन म्हणतात; झाडाच्या नावातही पतीचेच आडनाव आले. परंतु प्रत्ययाने तिला वेगळे राखले.

नावाची आणखी एक गंमत आहे. वॉटसन यांनी ते ‘थॉम्प्सोने’ असे लिहिले होते. नामकरणाच्या नियमांप्रमाणे तेथे ‘थॉम्प्सोनिए’ असे रूप हवे, म्हणून पुढे ते सुधारण्यात आले. एका अक्षराची दुरुस्ती. परंतु मूळ लेखन कोणी लपविले नाही. वॉटसन यांनी कसे लिहिले होते तेही शास्त्रीय ग्रंथ नोंदवून ठेवतात.

ह्या दप्तराची ही रीतच आहे. पानावरचे नाव चुकले आहे असे एखाद्या जाणकाराला वाटले, तर तो जुनी चिठ्ठी फाडीत नाही, तीवर शाई फिरवीत नाही. तो नवी लहान चिठ्ठी लिहितो : माझ्या मते हे अमुक झाड, खाली आपले नाव आणि वर्ष. ती चिठ्ठी जुनीच्या शेजारी चिकटवतात. एखाद्या पानावर अशा चार चिठ्ठ्या होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक, पन्नास वर्षांपूर्वीच्याची दुरुस्ती आणि कालच्याचे मत, सारी एका पानावर शेजारी शेजारी नांदतात.

जुन्या चिठ्ठ्यांचा दुसरा दोष अधिक कठीण. त्या काळचे संग्राहक पुष्कळदा केवळ ‘दक्षिण युटा’ एवढेच लिहीत. आता हे सारे नमुने छायाचित्रांसह संगणकावर येत आहेत. त्या भागातील हर्बेरियमांचे ‘सेइनेट’ नावाचे एक सामाईक जाळेही आहे. तेथे प्रत्येक नोंदीला नकाशावर जागा द्यावी लागते. मग ज्या चिठ्ठीवर नुसते गावाचे नाव आहे, तिचे काय करायचे? बाई त्या दिवशी हेच काम करीत होत्या. त्यांनी गावावर एक ठिपका ठेवला आणि त्याभोवती वर्तुळ काढले. झाड ह्या वर्तुळात कोठेतरी असले पाहिजे. ह्याहून अधिक आपल्याला सांगता येत नाही. वर्तुळाची त्रिज्या किती मीटर, तो आकडाही नोंदीत लिहावा लागतो. आम्ही विचारले, “अंदाजानं नेमकी जागा दिली तर? नोंद सुबक दिसेल.” त्या म्हणाल्या, “सुबक दिसेल, फादर, पण खोटी होईल. आणि पुढचा माणूस ती खरी मानून तिथं शोधत बसेल.”

त्या नदीचा आणखी एक दाखला त्यांनी दिला. 1938 साली मिशिगन विद्यापीठातील एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर ह्या दोघी वनस्पतिशास्त्रज्ञ होड्यांतून कोलोरॅडो नदीने निघाल्या. 20 जूनला युटातील ग्रीन रिव्हर गावाहून प्रवासास सुरुवात झाली. ग्रँड कॅनियन होडीने पार केल्याची तोपर्यंत एकाही स्त्रीची नोंद नव्हती. धबधब्यासारख्या प्रवाहातून उतरायचे, मुक्कामाला काठावरची झाडे जमवायची आणि पुन्हा पुढे. त्यांनी केलेला वनस्पतींचा अभ्यास 1944 साली ‘अमेरिकन मिडलँड नॅचरलिस्ट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाचकांस हे जाणून कौतुक वाटेल की हे नियतकालिक 1909 साली नोत्र दाम विद्यापीठात फादर ज्यूलियस न्यूलंड ह्या होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी सुरू केले होते. पुढे 1963 साली ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि नदीची सुमारे 300 किलोमीटर लांबीची घळ हळूहळू पाण्याखाली गेली. त्या जलाशयाला एलनच्या भावाचे, पॉवेलचे नाव आहे. बुडालेल्या काठांवर पूर्वी काय उगवत होते, हे विचारायचे झाले तर अशा जुन्या याद्या आणि वाळलेली पानेच साक्षीला उरली आहेत.

दुपारी बाईंनी आमच्या हाती कपाटातल्या दोन घड्या दिल्या. दोन्हींत तेच रानकुट्टू, तोच संग्राहक, तेच गाव, अक्षरही तेच. आम्ही म्हणालो, “ही तर एकाच झाडाची दोन पाने दिसतात. एक ठेवलं तरी चालेल.”

“क्रमांक पाहा, फादर.”

क्रमांक वेगळे होते. एकाच वेळी तोडलेल्या फांद्या निरनिराळ्या संस्थांना वाटल्या, तर त्या सर्वांवर एकच क्रमांक असतो. क्रमांक वेगळा, म्हणजे भेट वेगळी. माणूस दुसऱ्यांदा तेथे गेला आणि दुसरे झाड त्याला भेटले. बाई म्हणाल्या, “सारखी दिसतात म्हणून एक टाकून दिलं, तर एक झाड जगात होतं हेच पुसलं जातं.”

आम्ही ती दोन्ही पाने टेबलावर ठेवली आणि बराच वेळ काही बोललो नाही.

वाचकहो, येथे एक कबुली द्यावयाची आहे. 1998 च्या पावसाळ्यात, आम्ही सहायक धर्मगुरू असताना, आमच्या धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या एका जुन्या नोंदवहीला वाळवी लागली. तिची स्वच्छ प्रत करण्याचे काम आमच्याकडे आले. तरुणपणाचा उत्साह आणि सुबक अक्षराचा अभिमान, दोन्ही आमच्यापाशी होते. एका ठिकाणी दोन नोंदी आढळल्या : मुलीचे नाव तेच, आईवडील तेच, धर्ममाता तीच. पहिलीतले वर्ष वाळवीने खाल्लेले. दुसरीत 1963 स्पष्ट. लिहिणाऱ्याने चुकून दोनदा लिहिले असावे, असे ठरवून आम्ही एकच नोंद उतरविली. जुनी वही भुगा झालेली होती. ती आमच्याच सांगण्यावरून जाळण्यात आली.

2019 साली एक आजी नातवाला घेऊन कार्यालयात आल्या. नातू कुटुंबाची वंशावळ लिहीत होता. आम्ही नोंद वाचून दाखविली. आजींनी विचारले, “आणि माझी थोरली? ती कुठं आहे?” मग त्यांनी सांगितले : 1961 साली पहिली मुलगी झाली, सात महिन्यांची होऊन गेली. दोन वर्षांनी दुसरी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तेच नाव ठेवा. आम्हांस त्याच क्षणी सारे उमगले. तरीही आम्ही एवढेच म्हणालो, “आजी, वहीत दुसरी नोंद नाही.” शब्दशः ते खरे होते. आजी थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. “असू दे, फादर. वहीत नसली तरी मला ठाऊक आहे,” असे म्हणून त्या उठल्या. त्यांना वाटले असावे की त्या काळच्या कुणा धर्मगुरूने तान्ह्या मुलीचे नाव लिहिलेच नाही. तो आळ आम्ही एका मृत माणसावर जाऊ दिला.

ही गोष्ट त्या दिवशी आम्ही बाईंना सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. कोऱ्या चिठ्ठ्यांची एक गड्डी खणातून काढली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे असं झालं की आम्ही ही वापरतो.”

मायदेशी परतल्यावर आम्ही मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमबद्दल वाचले. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्विस येशूसंघीय. हॅलबर्ग यांच्यासह त्यांनी आपल्या थरच्या वाळवंटातील वनस्पतींवर लिहिले. त्याच परंपरेतले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. झाडाची चिठ्ठी लिहिणे हा ह्या धर्मगुरूंना वेळेचा अपव्यय वाटला नाही. आम्ही मात्र माणसांच्या नोंदी लिहिताना घाई केली होती.

एका पानाचे मोल किती, ह्याचा एक दाखला त्याच वर्षअखेरीस वाचनात आला. नेव्हाडाच्या वाळवंटात 1983 साली आर्नल्ड टीम यांना एक अपरिचित रानकुट्टू आढळले. एरिओगोनमचे थोर अभ्यासक जेम्स रिव्हील यांनी 1985 साली त्याला टीम यांचे नाव दिले. ते झाड साऱ्या जगात सुमारे 10 एकर जमिनीवरच उगवते, आणि त्याच जमिनीत लिथियमचे साठे आहेत. खाणीचा प्रस्ताव आला, वाद झाला, आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकन शासनाने त्या झाडाला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले. कोणी ते तोडून, वाळवून, नाव घालून ठेवले नसते, तर कोणाचा बचाव करायचा हेच कळले नसते. उलट, 2024 साली ड्यूक विद्यापीठाने आपले सुमारे 8,25,000 नमुन्यांचे हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा जगभरचे अभ्यासक हळहळले. दप्तर मोडायला वाळवीच लागते असे नाही.

आम्ही धर्मप्रांताच्या कार्यालयाला सारी हकिकत लिहून कळविली. स्नानसंस्कार झाल्याचे सिद्ध करण्यास एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदनही पुरेसे आहे, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 876 वे कलम सांगते. परवानगी आली. मग आम्ही आजींच्या घरी गेलो. प्रथम चूक कोणाची होती ते सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. सुनेला चहा ठेवायला सांगितले. नंतर आम्ही विचारले, “तारीख आठवते का?” त्या म्हणाल्या, “तारीख नाही. भाताची लावणी संपली होती, आणि सणाला अजून वेळ होता.”

बाईंचे वर्तुळ आम्हांस आठवले. 1963 च्या नोंदीतले एक अक्षरही न बदलता आम्ही शेजारच्या समासात लिहिले : ह्याच नावाची ह्याच आईवडिलांची थोरली मुलगी; स्नानसंस्कार 1961, भाताची लावणी आटोपल्यावर, नेमकी तारीख अज्ञात; 1998 साली प्रत करताना ही नोंद निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीने गळाली; आईच्या तोंडी साक्षीवरून लिहिली. खाली आमची सही आणि त्या दिवसाची तारीख.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आजी कार्यालयात आल्या. चष्मा आणला नव्हता. “वाचा, फादर,” म्हणाल्या. आम्ही वाचले. “आणखी एकदा वाचा.” आम्ही पुन्हा वाचले. मग त्यांनी त्या ओळींवर बोट ठेवले, अगदी हलके. वाळलेल्या पानाला जपून हात लावावा तसे.